पुतण्याचा डोझर आणि वडिलांची माती

विषय वाचून काही जण म्हणतील, बाईंना हे काय नवीन? आतापर्यंत इथे पुस्तकं झाली, जुने विद्यार्थी झाले, आईच्या हातची शेंगोळी झाली, गुडघेदुखी तर दोनदा झाली. आता एकदम बुलडोझर! पण मंडळी, गेली तीन वर्षं माझ्या माहेरी दुसरं बोलणंच नाही. फोन केला की आधी डोझरची तब्येत कळते, मग भावाची. तेव्हा कधी ना कधी हा विषय इथे येणारच होता.

सुरुवातीला एक खुलासा करते. (मास्तरकी अंगातून जात नाही, सांभाळून घ्या.) हल्ली वर्तमानपत्रात बुलडोझर म्हटलं की घर पाडण्याची बातमी असते आणि सोबत पिवळ्या मशीनचा फोटो. त्या फोटोत बहुतेक वेळा असतो तो चाकांवर चालणारा जेसीबी, पुढे बादली आणि मागे सोंडेसारखा हात असलेला. खरा बुलडोझर रणगाड्यासारखा लोखंडी साखळीवर चालतो आणि त्याच्या पुढे एक रुंद, आतल्या बाजूला वाकवलेलं पातं असतं. त्याचं काम उचलायचं नाही, रेटायचं. आमच्याकडे त्याला नुसतं 'डोझर' म्हणतात आणि पात्याला 'ब्लेड'. मी दोन्ही शब्द वापरणार आहे.

त्या पात्याचा इतिहास मला फार आवडला. १९२३ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, मॉरोव्हिल नावाच्या लहानशा गावात, जेम्स कमिंग्ज नावाचा शेतकरी आणि जे. अर्ल मॅक्लिऑड नावाचा नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन या दोघांनी मिळून ट्रॅक्टरच्या पुढे लावायचं एक पातं तयार केलं. तेलाच्या पाइपलाइनसाठी खणलेले चर पुन्हा मातीने बुजवायचे होते. १९२५ च्या जानेवारीत त्यांना पेटंट मिळालं, त्याचं नावही साधंच, ट्रॅक्टरसाठीचं जोडसाधन. म्हणजे बघा, बुलडोझरचा जन्मच मुळी हाताशी असलेल्या मशीनमध्ये आपल्या कामापुरता बदल करण्यातून झाला. कुणा मोठ्या कारखान्याने आधी शोध लावला आणि मग गावोगावच्या मिस्त्रींनी त्यात ढवळाढवळ केली, असं नाही. ढवळाढवळ पहिली! हे कळल्यापासून आमच्या पुतण्याकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

तर आता पुतण्याकडे वळू. माझं माहेर माण तालुक्यातलं. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना महाबळेश्वरचा पाऊस आठवतो, पण आमचा माण म्हणजे पावसाने पाठ फिरवलेला भाग. ओढ्याकाठी थोडी काळी जमीन, बाकी माळ आणि मुरूम. धाकट्या भावाचा मुलगा डिप्लोमा झालेला, पुण्यात चार वर्षं नोकरी करून परत आलेला. २०२२ साली त्याने एक जुना, मध्यम आकाराचा डोझर घेतला. बँकेचं कर्ज काढलं, भावाने बैलजोडी आणि दोन गाई विकल्या, आणि मीही एक मुदत ठेव मोडून थोडी भर घातली. माझ्या मुलाला ते तेव्हा पटलं नव्हतं. (बाळा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे.)

हिशोब असा होता. २०१७ पासून सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आली आणि पाझर तलावातला गाळ काढून शेतात पसरण्याचं काम वाढलं. पोकलेन गाळ उपसतो, डंपर वाहतात, आणि शेतात पडलेले ढीग पसरायला, बांध घालायला, माळाची लेव्हल करायला डोझर लागतो. भाडं तासावर. पण हे सगळं काम उन्हाळ्यातलं, फेब्रुवारी ते मे. पाऊस पडला की मशीन कडेला उभं, आणि हप्ता मात्र बाराही महिने.

म्हणजे तासाला काम जास्त झालं तरच चार पैसे. आणि तासाला काम जास्त कसं होईल, तर एका रेट्यात जास्त माती गेली पाहिजे. पुतण्याच्या डोक्यात एकच विचार, ब्लेड मोठं करायचं. वरून फूटभर पट्टा वाढवायचा आणि दोन्ही बाजूंना पाखं लावायची, झालं!

फलटणच्या बाजूला एक मिस्त्री आहेत. वय माझ्याएवढंच. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा डोझरची पाती भिंतीला टेकून उभी होती, आणि मला पहिल्यांदाच समजलं की त्यांच्यातही जाती आहेत. सरळ पातं, रुंदीला कमी पण टणक जमिनीत घुसणारं. दोन्ही टोकं पुढे वळवलेलं, पसरट यू आकाराचं पातं, हलकी सुटी माती लांबवर न सांडता न्यायला. दोन्हींच्या मधलं, अर्धं वळवलेलं. आणि तिरपं करता येणारं पातं, जे माती पुढे नेत नाही, नांगरासारखी एका कडेला टाकत जातं. रस्त्याच्या कडा आणि बांध यांसाठी ते. कोळशाच्या वखारीतली पाती भली थोरली असतात कारण कोळसा हलका. कचरा डेपोवरच्या पात्यांना वर उंच जाळी असते, कचरा मागे उडून येऊ नये आणि ड्रायव्हरला पलीकडचं दिसावंही. जशी माती (किंवा कचरा), तसं पातं.

पुतण्याने आपला बेत सांगितला. चाचांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "पोरा, ब्लेड मोठं केल्यानं मशीन मोठं होत नाही."

या एका वाक्याचं गणित मी घरी येऊन वहीत मांडलं. मी मराठीची बी. ए., पण पाचवी ते सातवीला गणितही पंचवीस वर्षं शिकवलं आहे. पुतण्याने मोबाइलवर एक सूत्र शोधून दिलं. अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेलं आहे. सरळ पात्यापुढे किती माती मावते? तर ०.८ गुणिले रुंदी गुणिले उंचीचा वर्ग. हिशोबाला सोपं म्हणून पातं ३ मीटर रुंद आणि १ मीटर उंच धरू. माती झाली २.४ घनमीटर. आता उंची फक्त २० सेंटिमीटरने वाढवा, म्हणजे १.२ मीटर. वर्ग १.४४. माती झाली जवळजवळ साडेतीन घनमीटर! उंची २० टक्क्यांनी वाढली पण माती ४४ टक्क्यांनी. पुतण्या खूश. "बघ आत्या, मी म्हणत होतो ना!"

पण वहीचं पान अजून उलटायचं होतं. सुटी कोरडी माती घनमीटरला साधारण सव्वा टन भरते, मुरूम-दगड दीड टनाच्याही पुढे जातो. म्हणजे पात्यापुढे टन-दीड टन ओझं वाढलं. आणि डोझरचा रेटा येतो कुठून? इंजिनातून येतो हे खरं, पण जमिनीवर तो टेकतो मशीनच्या वजनामुळे. १२ टनांचं मशीन असेल तर घट्ट जमिनीवर त्याचा रेटा फार तर दहा-अकरा टनांचा, आणि भुसभुशीत जमिनीवर सात टनांच्या आसपास. इंजिन कितीही ताकदीचं असलं तरी त्यापुढे साखळी जागच्या जागी फिरते, धूर निघतो, डिझेल जळतं आणि माती तिथेच. शिवाय पातं रुंद केलं की तोच रेटा जास्त लांबीच्या धारेवर वाटला जातो. ३ मीटरचं पातं पाखं लावून ३.६ मीटर झालं, तर धारेच्या प्रत्येक इंचावर येणारा जोर सहाव्या हिश्शाने घटला. सुट्या गाळात काही बिघडत नाही. मुरमात मात्र पातं जमिनीत घुसायचं सोडून वरून घसरत जातं.

आणि चाचांनी तिसरी गोष्ट दाखवली, जी गणितात नव्हती. पुढे वजन वाढलं की मशीन नाकावर येतं. पुढचे रोलर लवकर झिजतात, पातं उचलणाऱ्या हायड्रॉलिकवर आणि ज्या दोन दांड्यांवर पातं तोललेलं असतं त्यांच्यावर ताण येतो. शेडच्या कोपऱ्यात अशीच एक दांडी पडली होती, मधोमध तडकलेली. कुणीतरी दुसरीकडून ब्लेडला भरमसाट पट्टा जोडून आणला होता.

मग करायचं काय? चाचांचा सल्ला मला शाळेत कितीतरी वेळा उपयोगी पडला असता. म्हणाले, "पक्कं वेल्डिंग नको. बोल्टवर करू. गाळात चढवायचं, मुरमात उतरवायचं."

आणि तसंच केलं. वरचा पट्टा वीतभरच ठेवला, पण सपाट प्लेट नाही. पात्याची जी गोलाई असते तीच पुढे चालू राहील असा रोलिंग मशीनवर वाकवून घेतला. ती गोलाई उगाच नसते. माती पात्यावर चढते, वर जाऊन पुढे कलंडते आणि लाटेसारखी गुंडाळत पुढे सरकते. वर सपाट प्लेट ठोकली की माती तिथे अडते आणि मागे सांडते. पट्ट्याच्या मधल्या भागात जाळी ठेवली, ड्रायव्हरला पुढचं दिसावं म्हणून. दोन्ही बाजूंची पाखं लहान, बाहेरच्या बाजूला थोडी पुढे कललेली. चौघांनी मिळून अर्ध्या-पाऊण तासात चढवता-उतरवता यावीत अशी.

आता परीक्षा घेणं आलं, आणि ते काम माझ्याकडे! पुढचे आठ दिवस मी बाभळीखाली खुर्ची टाकून घड्याळ आणि वही घेऊन बसले. लोक येता-जाता विचारायचे, "बाई, हजेरी घेताय काय?" तासात फेऱ्या किती, डिझेल किती, आणि एका रेट्यात माती किती. ही शेवटची गोष्ट मोजायची एक युक्ती आहे. एक रेटा सपाट जागेवर सोडायचा, मशीन मागे घ्यायचं, आणि टेपने ढिगाची उंची, रुंदी आणि लांबी मोजून तिन्हींचा गुणाकार ०.३७५ ने गुणायचा. मीटरमध्ये मोजलं तर उत्तर घनमीटरमध्ये. सातवीच्या मुलांना घेऊन जावं असं प्रात्यक्षिक आहे.

निकाल चाचांनी सांगितला होता तसाच लागला. गाळात पाखं आणि पट्टा लावल्यावर फेऱ्या जराशा कमी झाल्या पण प्रत्येक ढीग चांगलाच मोठा. मुरमात त्याच पात्याने फेऱ्या खूप घटल्या, ढीग होता तेवढाच, आणि डिझेल जास्त. पाखं उतरवली की गाडी पुन्हा रुळावर.

पण या सगळ्यात जास्त फायदा ज्या गोष्टीने झाला तिला एक रुपयाही लागला नाही. जुने ऑपरेटर दर वेळी नव्या जागेतून माती ढकलत नाहीत. पुन्हा पुन्हा त्याच पट्ट्यातून जातात. दोन-चार रेट्यांत पात्याच्या रुंदीचा एक उथळ चर तयार होतो. मग चराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीच माती धरून ठेवतात, बाजूला काही सांडत नाही. शेजारी थोडी जागा सोडून दुसरा चर, आणि मधला वरंबा सगळ्यात शेवटी. लोखंडाची पाखं लावायच्या ऐवजी मातीचीच पाखं! शिवाय जमेल तिथे उतारावरून खाली ढकलायचं. हे दोन नियम पाळले तर बिनपाखाचं पातंही पाखाच्या पात्याच्या जवळपास काम देतं. माझ्या वहीतला सगळ्यात मोठा फरक या पानावर आहे.

दुसरी गोष्ट धारेची. पात्याच्या तळाला कडक पोलादाची वेगळी पट्टी असते, आणि दोन्ही टोकांना वेगळे कोपरे. डोकं आत बुडून सपाट बसतं अशा बोल्टने ती जोडलेली असते. माती खाते ती पट्टी, मूळ पातं नाही. एक बाजू झिजली की पट्टी उलटी करून दुसरी बाजू वापरायची. आळस केला आणि झीज बोल्टपर्यंत गेली तर मूळ पातंच खाल्लं जातं, आणि मग खर्च दसपट. कोपरे सगळ्यात आधी झिजतात, आणि ते झिजले की पात्याची धार सरळ राहत नाही, नावेच्या तळासारखी पोटाशी फुगीर होते. अशा पात्याने जमीन सपाट होईल कशी? पुतण्याच्या मशीनची पट्टी अशीच होती. तो म्हणायचा, अजून एक सीझन निघेल. साध्या रॉडने वेल्डिंग करून झीज भरून काढावी असंही त्याच्या मनात होतं. चाचांनी कान पकडला. ते पोलाद उष्णता देऊन कडक केलेलं असतं. आधी नीट तापवल्याशिवाय आणि योग्य रॉड वापरल्याशिवाय त्याला डाग दिला की शेजारी ते ठिसूळ होतं आणि पहिल्याच दगडाला तुकडा उडतो.

नवी पट्टी महाग होती. ती पुढच्या वर्षावर ढकलायचं जवळजवळ ठरलं होतं. पण २०२४ च्या फेब्रुवारीत एक गोष्ट घडली, आणि खरं म्हणजे तेवढ्यासाठीच हा लेख मी लिहायला घेतला.

आमचा ओढ्याकडचा एक एकराचा तुकडा आहे. वडिलांचा जीव त्या तुकड्यात. पूर्वी तो उतरता होता. १९७२ च्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी तासावर डोझर आणून वडिलांनी त्याची लेव्हल करून घेतली. तोवर आमच्याकडे सपाटीकरण म्हणजे बैलांची केणी. एका उन्हाळ्यात जेमतेम कोपरा व्हायचा. डोझरने दोन दिवसांत सगळं टेबलासारखं करून दिलं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते, पहिल्या पगारातले काही रुपये त्यात होते. वडील बांधावर उभे राहून नुसते बघत होते.

पण त्या वर्षीपासून त्या तुकड्यात पीक येईना. ज्वारी गुडघ्याएवढी व्हायची आणि पिवळी पडायची. वडिलांनी पुढची वीस वर्षं त्यात शेणखताच्या गाड्या ओतल्या, मेंढ्या बसवल्या, ओढ्यातला गाळ पाठीवर वाहिला. म्हणायचे, "काळी रुसली." वडील १९९६ साली गेले.

तर फेब्रुवारीत विहिरीवरून पाइपलाइन नेण्यासाठी भावाने त्या तुकड्याच्या खालच्या अंगाला चर काढला. मी तेव्हा तिथेच होते. चराच्या भिंतीत वर दोन-अडीच फूट तांबूस मुरूम, आणि त्याच्या खाली काळ्याभोर मातीचा सरळ पट्टा. फूट-दीड फूट जाडीचा. भाऊ चरात उतरला, एक ढेकूळ काढून त्याने हातात चुरगाळलं आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

उलगडा सोपा आहे. उतरत्या जमिनीची लेव्हल करताना डोझर वरच्या अंगाची माती खालच्या अंगाला ढकलतो. पहिल्यांदा काय निघणार? वरची सुपीक काळी माती. ती खाली जाऊन तळाला पडली, तिथल्या मूळच्या काळ्या मातीवर. मग निघाला मुरूम, तो त्या दोन्हींवर पसरला. वरच्या अंगाला उघडा मुरूम, खालच्या अंगाला मुरमाचं पांघरूण. जमीन टेबलासारखी सपाट झाली, मशीनने काम चोख केलं, तासाचा मीटर बरोबर पडला. फक्त वरचं खाली आणि खालचं वर झालं. तेव्हा आमच्याकडे हे कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. ज्या मातीसाठी वडिलांनी वीस वर्षं पाठीवर गाळ वाहिला, ती त्यांच्या पायाखाली अडीच फुटांवर होती.

ही माती पुन्हा वर काढायची असं पुतण्याने त्याच रात्री ठरवलं. पण एप्रिल-मे म्हणजे त्याच्या कमाईचे दिवस. घरच्या शेतात मशीन आठ-दहा दिवस अडकलं तर तेवढं भाडं बुडणार, वर नव्या पट्टीचा खर्च. भाऊ म्हणाला, "राहू दे. पन्नास वर्षं गेली, अजून एक गेलं तर काय?" माझं म्हणणं एवढंच होतं की माझे पैसे एक वर्ष उशिरा दे, पण हे काम पावसाच्या आत कर. ओल्या जमिनीवर एवढं वजन फिरलं तर माती दबून वीट होते.

मे महिन्यात काम लागलं. पाखं आणि वरचा पट्टा उतरवून ठेवला. इथे जास्त माती न्यायची नव्हती, मुरूम आणि काळी यांच्या मधली रेघ बरोबर पकडायची होती. जुन्या फुगीर धारेने ते झालंच नसतं, मध्ये काळी खरवडली गेली असती आणि कडेला मुरूम राहिला असता. नवी पट्टी, नवे कोपरे, आणि पात्याचा कल जरा मागे केलेला. (पातं वरून पुढे झुकवलं की धार जमिनीत चावते, मागे झुकवलं की अलगद पातळ थर काढते. जुन्या मशीनमध्ये हा कल दांड्यावरचा आटा फिरवून बदलतात.)

काम पट्ट्यापट्ट्यानं केलं. पहिल्या पट्ट्यावरचा मुरूम काढून एका बाजूला ढीग. मग त्याखालची काळी काढून ती दुसरीकडे, वरच्या अंगाला. आता दुसऱ्या पट्ट्यावरचा मुरूम पहिल्याच्या खड्ड्यात. तिसऱ्याचा दुसऱ्यात. आणि सगळ्यात शेवटी बाजूला ठेवलेला मुरूम उरलेल्या खड्ड्यात. लेव्हल करून झाल्यावर मागच्या लोखंडी दातांनी सगळा मुरूम उकरून घेतला, आणि मगच त्यावर काळी माती पसरली. पूर्ण एकरावर साधारण वीतभर थर बसला.

अडुसष्ट वर्षांचा माझा भाऊ आठही दिवस डोक्याला टॉवेल गुंडाळून बाजूला, मशीनपासून लांब उभा असायचा. तांबडं संपून काळं दिसायला लागलं की हात वर करायचा, आणि पुतण्या पातं जरासं उचलायचा. हे सगळं उपकरण त्या एका हातावर चाललं होतं म्हणा ना.

पहिल्या रब्बीत मालदांडी बेताचीच आली. उलथापालथ झालेली माती लगेच माणसाळत नाही, तिलाही खत आणि पाऊस अंगी लागावा लागतो. दुसऱ्या वर्षी ज्वारी सारखी आली. वरचं अंग, खालचं अंग असा फरक बांधावरून दिसला नाही. फार मोठं उत्पन्न निघालं असं मी म्हणणार नाही, पण पन्नास वर्षांनंतर त्या तुकड्यातला कडबा डोक्याच्या वर गेला होता.

आता पुतण्याकडे कुणी लेव्हल करून मागायला आलं की तो आधी कुदळीने दोन ठिकाणी खड्डा घेऊन दाखवतो. वरची काळी बाजूला काढून ठेवायची, मग मुरमाची लेव्हल, मग काळी पुन्हा वर. तास जास्त लागतात, पैसे जास्त होतात. दहातले सहा जण नको म्हणतात आणि दुसऱ्याचं मशीन आणतात. हप्ता चुकेल की काय अशी धाकधूक असतेच. उरलेले चार जण दुसऱ्या वर्षी पाव्हण्यांना घेऊन येतात. माझे पैसे निम्मे परत आले आहेत, निम्मे यायचे आहेत, आणि मला घाई नाही.

माझ्या वहीत दोन रकाने होते, तास आणि डिझेल. पातं चांगलं की वाईट हे त्या दोनांवरच ठरतं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आता मी तिसरा रकाना आखला आहे, पुढच्या हंगामात तिथे काय उगवलं त्याचा. तो भरायला वर्ष जातं, कधी दोन. वडिलांच्या वेळी तो रकाना कुणी आखला असता तर!

असो. लेख लांबला. तुमच्यापैकी कुणाच्या गावाकडे सपाटीकरण व्हायचं असेल तर मशीन यायच्या आधी एक खड्डा घेऊन बघायला सांगा, एवढंच सांगणं आहे. आणि झालेलं असेल आणि पीक येत नसेल, तर तेव्हाही एक खड्डा घेऊन बघा. काय निघालं ते मला जरूर कळवा.